केसभर चढ

सोमवारी सकाळी तपासणीच्या खोलीतून ट्रे बाहेर आला आणि त्यातल्या एकूण एक डबीवर लाल टिकली होती. हिरवी औषधालासुद्धा नाही.

ट्रे घेऊन आला होता एन्रिको. नाव इटालियन, माणूस शेजारच्या अपोल्डाचा. साम्यवादी पूर्व जर्मनीत त्या पिढीतल्या आयांना इटलीला जायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी पोरांची नावं तरी तिकडची ठेवली.

"मला वाटलं होतं, लाल रंग एकोणनव्वद सालीच संपला," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. इनेस हार्टुंगने ट्रे त्याच्या हातातून घेतला आणि अंगाआड धरला, पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या फोल्कर मास्तरांना दिसू नये म्हणून. मास्तरांना तो आधीच दिसला होता. त्यांनी मान खाली घालून चिमटा पुसायला घेतला. तो चिमटा त्यांनी नुकताच पुसून ठेवलेला होता.

येनाच्या दक्षिण टोकाला, ग्योशविट्सच्या कारखान्यांच्या दाटीत, ही कंपनी म्हणजे एक मजला आणि वीसएक माणसं. काम सांगायला सोपं आहे. अर्धवाहकाची एक पट्टी असते, नखाच्या रुंदीएवढी. तिच्यात वीज सोडली की तिच्या कडेतून लेझरचा उजेड बाहेर पडतो. पण तो सरळ जाईल तर शपथ. नळाच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर पाणी जसं फाकतं तसा तो बाहेर पडल्या पडल्या वर-खाली फाकतो. त्याला आवरायला पट्टीच्या अगदी तोंडाशी एक भिंग चिकटवायचं. भिंग कसलं, शहाजिऱ्याच्या दाण्याहून बारीक काचेची काडी. ती जागेवर बसली की तोच फाकलेला उजेड मुकाट्याने सरळ जातो. हा उजेड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. समोरच्या कॅमेऱ्यातून तो पडद्यावर येतो, एका बारीक पांढऱ्या रेघेसारखा. पडद्यावर एक खूण असते. रेघ त्या खुणेवर यायला हवी.

आता खरी गंमत पुढे आहे. भिंग ज्या गोंदाने चिकटवायचं तो गोंद वाळताना आटतो, आणि आटताना भिंगाला खाली ओढतो. भट्टीत रात्रभर ठेवल्यावर तर आणखीच. म्हणून भिंग लावताना रेघ खुणेवर ठेवायचीच नाही, खुणेच्या केसभर वर ठेवायची. नवं कापड धुतल्यावर आटणार म्हणून शिंपी लेंगा बोटभर लांब शिवतो, तसंच. या केसभराला मास्तर 'चढ' म्हणत. चढ किती द्यायचा ते गोंदाचा थेंब केवढा पडला त्यावर ठरायचं, आणि थेंब बघून चढ देणारा माणूस त्या मजल्यावर एकच होता. मास्तर स्क्रू फिरवून भिंग बसवत, "बसलं" म्हणत, आणि पुढची काडी उचलायला मागच्या कपाटाकडे वळत. मग इनेस वर जांभळा दिवा धरून गोंद पक्का करी. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

आणि आता महिनाभर लाल टिकल्या.

"इनेस, आत ये," मालकीण वीबके लोरेन्सने हाक मारली. "दार लाव."

वीबके हांबुर्गकडची. तिने आल्या आल्या कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं असा नियम केला होता. तो सगळ्यांनी पाळला, फक्त इनेसने मास्तरांच्या बाबतीत पाळला नाही. सोळाव्या वर्षी ज्यांच्या हाताखाली ती काच घासायला शिकली त्यांना 'अरे फोल्कर' म्हणायला तिची जीभ वळत नसे.

"शुक्रवारी ऱ्हाइनकडची माणसं येतायत," वीबके म्हणाली. "मोटारींचे मागचे दिवे जोडायच्या यंत्रात ते आपला लेझर घालणार आहेत. सहा पट्ट्यांचा संच त्यांच्या डोळ्यांसमोर तपासून द्यायचाय. आणि इथे सप्टेंबरपासून काय चाललंय बघतेस ना?"

"नवा गोंद आलाय. मला त्याचाच संशय—"

"गोंद नाही गं. फोल्कर आहे. तुलाही माहितीय."

इनेसने दार नीट लागलंय का ते बघितलं.

"त्याला पॅकिंगला बसवते. पगार तोच राहील. त्याच्या खुर्चीत तू बस. तुझा हात चांगला आहे."

"ते पॅकिंगला बसणार नाहीत. घरी निघून जातील."

"पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होतोयच की तो."

"निवृत्त होऊन जाणं वेगळं आणि कुणीतरी उठवलं म्हणून जाणं वेगळं," इनेस म्हणाली. "शुक्रवारपर्यंत थांब. शुक्रवारी तुला त्यांच्या हातच्या सहा हिरव्या देते. नाही दिल्या तर त्यांच्याबरोबर मीही जाते."

शेवटचं वाक्य बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. पण ते बोलून झालं होतं, आणि परत गिळणाऱ्यांतली ती नव्हती. वीबकेने तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"शुक्रवार," ती म्हणाली. "त्यापुढे एक दिवस नाही."

इनेस एवढी का पेटली ते सांगायला हवं. बर्लिनची भिंत पडली त्यानंतर गावातला मोठा काचकारखाना हजारोंना घरी पाठवून मोकळा झाला, तेव्हा इनेसच्या हातात काचकामाचं नवंकोरं प्रमाणपत्र होतं आणि ते कुठे दाखवायचं ते कुणी सांगेना. ती न्युरेम्बर्गला गेली आणि हॉटेलातल्या खोल्या झाडू लागली. काही वर्षांनी ही कंपनी उभी राहिली. कंपनीने पहिलं बोलावणं धाडलं ते फोल्कर ब्रेटश्नायडरना. त्यांनी काय उत्तर दिलं ते अजून गावात सांगतात: "मी एकटा येत नाही. न्युरेम्बर्गात माझी एक पोरगी लोकांच्या चादरी बदलतेय. आधी तिला बोलवा, मग मी येतो." इनेस हे विसरली असती तर तिला माणूस म्हणायला नको होतं.

पण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

वसंतात मास्तरांचा उजवा डोळा धूसर झाला होता. ते बोलले नाहीत, पण इनेसला समजलं. धूसर डोळ्याला रेघ जाड दिसते. जाड रेघेची वरची कड ते खुणेच्या वर आणत आणि रेघ मुळात खालीच राहून जाई. चढ कमी पडे. तेव्हा पहिल्यांदा लाल टिकल्या आल्या होत्या. मग इनेसने एक युक्ती केली. मास्तर "बसलं" म्हणून कपाटाकडे वळले की ती दिवा उचलायच्या आधी उंचीचा स्क्रू एका बोटाने जरासा वर ढकलायची. केसभर. टिकल्या हिरव्या झाल्या. मास्तरांना वाटलं, आपला डोळा ठीक आहे. इनेसला वाटलं, आपण चांगलं केलं. सगळं सुरळीत चाललं ते थेट सप्टेंबरपर्यंत. तेव्हा मास्तर बाल्टिक समुद्रावर सुट्टीला जाऊन आले, आणि त्यानंतर टिकल्या पुन्हा लाल झाल्या.

इनेसने ठरवून टाकलं, डोळा आणखी बिघडला. म्हणून ती बोटाने आणखी जरा जास्त ढकलू लागली. टिकल्या आणखी लाल झाल्या.

आता ती हट्टालाच पेटली. सोमवारी तिने नव्या गोंदाची बाटली बाजूला ठेवून जुनी शोधून काढली. तरी लाल. मंगळवारी दिव्याचा जोर मोजला, थंड पाण्याच्या नळ्या सोडवून पुन्हा बसवल्या, टेबलाचे पाय पाणसळीने तपासले, भट्टीवाल्याशी भांडली. बाहेरून ट्राम जाते तेव्हा टेबल हलतं का, हे बघायला ती टेबलावर पाण्याची बशी ठेवून बसली. पाणी ढिम्म हललं नाही.

"एवढं करण्यापेक्षा पडद्यावरची चित्रं बघ ना," एन्रिको म्हणाला. "यंत्र प्रत्येकाचं चित्र ठेवतं. टिकली काय, ती नुसती हो की नाही सांगते."

"चित्रात काय असणारे ते मला माहितीय. रेघ खाली असणार."

"मग राहिलं."

तिने विचारलंच नाही. आणि बुधवारी सकाळच्या ट्रेमध्येही सगळ्या लाल निघाल्या, तेव्हा तिच्यापुढे एकच वाट राहिली: मास्तरांना तोंडावर सांगायचं, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या, मी तुमच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही.

पाळी दोनला सुटते. मास्तर त्या दिवशी लवकर निघून गेले होते. ते कुठे असतील ते सगळ्यांना माहीत असतं. येन्झिग डोंगराच्या पायथ्याशी भाड्याच्या बागांची वसाहत आहे. प्रत्येकाला एक तुकडा, त्यावर एक लाकडी खोपट, आणि नियम असे की लष्करात बरे. त्यातला सगळ्यांत कडक म्हणजे दुपारी एक ते तीन शांतता. हातोडा नाही, यंत्र नाही, मोठ्याने बोलणंसुद्धा नाही. मास्तरांच्या कुंपणापलीकडे क्राउझेबाई राहायच्या आणि त्या नियमासाठीच जन्माला आलेल्या होत्या.

ट्राममध्ये इनेसने वाक्यं जुळवली. मास्तर, राग मानू नका. मास्तर, हल्ली हे ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं. माझ्या सासूचं झालं, दुसऱ्या दिवशी भांडायला लागली.

मास्तर खोपटासमोर बाकावर बसून वाळक्या शेंगांतले घेवड्याचे दाणे काढत होते. नेहमीचा चष्मा घातला नव्हता. तो खिडकीत पडलेला होता.

"ये पोरी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "जपून बोल. पलीकडे पोलीस ठाणं जागं आहे."

इनेस शेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. वाक्यं सगळी पळून गेली.

"आज झेंडा वर आहे," मास्तर डोंगराकडे बघत म्हणाले. "म्हणजे वरचं हॉटेल उघडं आहे. प्लमचा केक मिळेल. वारा मात्र फिरलाय, बघ कसा पूर्वेकडे फडफडतोय."

इनेसने वर पाहिलं. डोंगराच्या माथ्यावर हॉटेल होतं, त्यावर काठी होती. झेंडा फडफडतोय की नुसता लोंबतोय, तिला कळेना.

"मास्तर, तुम्हाला तो दिसतो?"

"दिसतो म्हणजे? पांढरा-लाल. खालचा कोपरा फाटलाय. तुला चष्मा लागला की काय?"

इनेसच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने खिडकीतला चष्मा उचलून डोळ्यांसमोर धरला. साधी काच. खिडकीला असते तशी, नंबर नावाला नाही. चष्म्यामागे डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती.

"बाल्टिकला गेलाच नव्हतात तुम्ही," ती म्हणाली.

मास्तरांनी शेंगांच्या टोपलीत बघितलं. "गेलो होतो की. लाइपझिगच्या दवाखान्यात. खिडकीतून तळं दिसायचं."

"आणि ही काच?"

"घरीच घासली. ऑपरेशन म्हटलं की वीबकेने दुसऱ्या दिवशी मला खोकी बांधायला बसवलं असतं. म्हटलं, जुना चष्मा घालून बसू, कुणाला कळतंय. दिसायला तर आता असं दिसतंय पोरी, विशीत दिसत नव्हतं. म्हणून तर समजत नाही गं." त्यांनी दोन्ही तळहात उलटसुलट करून बघितले. "रेघ स्वच्छ दिसते. चढ बरोबर देतो. तरी लाल. मग हातच गेले असतील. डोळ्याला भिंग बसवता येतं, हाताला काय बसवणार? शुक्रवारी मी स्वतःच वीबकेला सांगणार आहे. तिने सांगायच्या आधी."

मास्तरांना दिसत होतं. मास्तर चढ बरोबर देत होते. आणि त्या बरोबरच्या वर, सप्टेंबरपासून, रोज, प्रत्येक भिंगाला, एक बोट.

पळून जावंसं तिला वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. काही न बोलता उद्यापासून बोट काढून घेतलं असतं, टिकल्या हिरव्या झाल्या असत्या, मास्तर खूश, वीबके खूश. कुणाला काय कळलं असतं? पण उन्हाळ्यापर्यंत ते म्हातारे डोळे स्वतःच्या हातांकडे संशयाने बघत राहिले असते, आणि ते तिला शेजारी बसून बघावं लागलं असतं.

"हात तुमचे नाही गेले," ती म्हणाली. "माझे वळवळतात."

आणि तिने सगळं सांगितलं. कुजबुजत सांगितलं, कारण तीन वाजले नव्हते. मास्तर ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू त्यांच्या वाफ्यातल्या बीटांसारखा लाल होत गेला.

"माझ्या पाठीमागे?" ते कुजबुजले.

"हो."

"वसंतापासून?"

"हो."

"मी कपाटाकडे वळलो की?"

"मास्तर, तुमचा डोळा धूसर होता, मी म्हटलं—"

"मग तोंड नव्हतं तुला? मी तुला शिकवलं काय? शेजाऱ्याचं भिंग शिवायचं नाही! शिवलंस तर सांगायचं! पहिल्या दिवशी शिकवलं होतं!" कुजबुजून ओरडणं कसं असतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक; मानेच्या शिरा फुगतात आणि आवाज मात्र येत नाही. "मला आंधळा समजून खेळवत होतीस!"

"आणि तुम्ही? तुम्ही मला सांगितलंत ऑपरेशनचं? साधी काच लावून बसलात नाटक करत! तुम्ही सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी बोट काढलं असतं!"

"हळू!" कुंपणापलीकडून क्राउझेबाई म्हणाल्या.

मास्तर दाणे सोलत राहिले, पण दाणे टरफलांत पडत होते आणि टरफलं दाण्यांत. मग कुठेतरी घड्याळाने तीनचे ठोके दिले, आणि शेवटचा ठोका पडायची खोटी, मास्तर उठून उभे राहिले आणि असे ओरडले की पलीकडची कोंबडी कुंपणावर चढली.

"चालती हो माझ्या बागेतून!"

इनेस चालती झाली. ट्रामपर्यंत ती रडत गेली, आणि ट्राममध्ये बसल्यावर तिने डोळे पुसले, कारण रडून शुक्रवार पुढे जाणार नव्हता.

गुरुवारी सहाच्या आधी ती तपासणीच्या खोलीत एन्रिकोच्या दारात उभी होती. "चित्रं दाखव." त्याने एकेक करून दाखवली. सगळ्या रेघा खुणेच्या वर होत्या. शेवटच्या दिवसांतल्या तर चांगल्याच वर. तिने जास्त ढकलायला सुरुवात केली तेव्हापासूनच्या. महिनाभर पुरावा भिंतीपलीकडे पडलेला होता आणि ती पाण्याची बशी ठेवून ट्राम मोजत होती.

तिथून ती सरळ वीबकेकडे गेली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. वीबकेने ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे गेल्या महिन्याचा सगळा माल तू बिघडवलास."

"हो."

"आणि हे मला आज सांगतेस, उद्या पाहुणे यायच्या तोंडावर."

"मलाच काल कळलं. आज लावलेल्या पट्ट्या रात्री भट्टीत जातील, उद्या सकाळी बाहेर. वेळ आहे. फक्त ते यायला हवेत."

"येईल?"

"माहीत नाही," इनेस म्हणाली.

मास्तर आले. चष्मा नव्हता. कुणालाही सुप्रभात न म्हणता ते खुर्चीत बसले, टेबलावरचा साधा दिवा ओढून घेतला आणि इनेसकडे न बघता म्हणाले, "थेंब."

इनेसने गोंदाचा थेंब ठेवला. थेंब जागेवर पडला. मास्तरांनी पहिलं भिंग उचललं. पडद्यावर उजेड फाकला, हलला, गोळा झाला, आणि रेघ झाली. मास्तरांनी स्क्रू फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग ते पडद्यासमोरून उठले.

"बसलं," ते म्हणाले आणि कपाटाकडे वळले. नेहमीपेक्षा सावकाश वळले, आणि तिकडेच उभे राहिले.

इनेसने तोपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. पडद्याकडे ती बघत नव्हती. बघितलं तर बोट राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. सहा महिन्यांची सवय बोटात मुंगीसारखी चालत होती. जरा पुढे जा, जरासंच, म्हातारा बिचारा, ऑपरेशन कसं झालंय कुणास ठाऊक. तिने दात आवळले, हात काढले, सरळ दिव्यावर ठेवले आणि दिवा लावला. स्क्रूला शिवली नाही.

मास्तर वळले तेव्हा तिचे हात पुन्हा मांड्यांखाली होते. ते त्या हातांकडे बघतच राहिले. काहीतरी बोलणार असं वाटलं, तोंड उघडलंसुद्धा, पण मिटलं. ते खाली बसले आणि म्हणाले, "थेंब."

नऊच्या न्याहारीला दर गुरुवारी मास्तर कच्च्या खिम्याचा आणि कांद्याचा पाव आणत आणि अर्धा इनेसला देत. त्या दिवशी त्यांनी तो एकट्याने खाल्ला, तिच्याकडे पाठ करून. कांद्याचा वास मात्र सगळीकडे गेला.

सहावी पट्टी झाल्यावर इनेस आवरू लागली.

"एक जास्तीची लावू," मास्तर म्हणाले.

"सहाच हव्यात."

"लावू म्हटलं ना."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल का झाल्या आहेत हे तिला समजलं नाही. तिने सातवा थेंब ठेवला.

शुक्रवारी सकाळी तपासणीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ऱ्हाइनकडची दोन माणसं, वीबके, एन्रिको, भिंतीला टेकून मास्तर, आणि दाराशी इनेस. एन्रिकोने पहिली पट्टी यंत्रात ठेवली आणि वीज सोडली. यंत्र गुणगुणलं. मग त्याने डबी उचलली आणि, तोंड कसनुसं करत, लाल टिकली लावली.

पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं. वीबके मास्तरांकडे बघेना, आणि ते न बघणं फार वाईट होतं. इनेसने दाराची मूठ सोडली. म्हणजे हात खरंच गेले? म्हणजे मी उगाच—

"टिकली राहू दे," ती पुढे होत म्हणाली. या वेळी तिने विचारलं. "चित्र दाखव."

एन्रिकोने पडदा फिरवला. रेघ सरळ होती, बारीक होती, स्वच्छ होती, आणि खुणेच्या खाली होती. वर नव्हे. खाली. किती खाली? इनेसच्या बोटाला ते अंतर पाठ होतं. वसंतात ती रोज जेवढं ढकलत असे, नेमकं तेवढं.

तिने मान वळवली. मास्तर छताकडे बघत होते आणि त्यांचे कान बीटांसारखे लाल झाले होते.

"पुढची लाव," इनेस म्हणाली.

"इनेस, संचातली एक जरी—" वीबकेने सुरुवात केली.

"सहा द्यायच्या होत्या ना? सात लावल्यात. पुढची लाव, एन्रिको."

दुसरी हिरवी. तिसरी हिरवी. चौथ्या पट्टीला यंत्र जरा जास्त वेळ गुणगुणलं आणि वीबकेने नकळत इनेसचं मनगट धरलं. हिरवी. पाचवी, सहावी. सातवीची रेघ खुणेवर अशी बसली की ऱ्हाइनकडचा मोठा पाहुणा पुढे वाकला आणि म्हणाला, "ही कुणी बसवली?"

"आमच्या फोल्करने," वीबके म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "सगळ्या त्यानेच." मग पाहुणे चहाला बाहेर गेल्यावर तिने दार लावलं. "आता मला सांगा, पहिलीचं काय झालं?"

इनेसने मास्तरांकडे बघितलं.

"ती माझी चूक," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "मुद्दाम खाली ठेवली होती. म्हटलं, ही काही ऐकायची नाही, बोट लावणारच. तिच्या बोटासाठी जागा सोडली. वळून बघतो तर ही हातांवर बसलेली."

एन्रिको असा हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. वीबकेने कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता!" इनेस उसळून म्हणाली. रागही खरा होता, आणि डोळ्यांत पाणी आलं होतं तेही खरं.

"एका भिंगापुरता नव्हता," मास्तर म्हणाले. "तुझा माझ्यावर सहा महिने नव्हता."

बाहेर न्याहारीची घंटा झाली. मास्तरांनी एप्रनच्या खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढला. शुक्रवार होता, खिम्याचा दिवस नव्हता, तरी त्यात खिमाच होता, वर भरपूर कांदा. त्यांनी तो तिथेच, तपासणीच्या यंत्रावर, खाण्याला सक्त मनाई असलेल्या खोलीत, मधोमध मोडला. बरोबर मधोमध मात्र मोडला गेला नाही.

इनेसने मोठा तुकडा उचलला.